रेडिस टाकला, पाँगही आलं, मग साइट अजून हळू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मराठी मासिकाची वर्डप्रेसवरची साइट, भाड्याने घेतलेला २ जीबी रॅमचा सर्व्हर, त्यावर उबुंटू २४.०४ ही लिनक्स आणि एनजिनएक्स हा वेबसर्व्हर. दिवाळी अंकाची नोंदणी सुरू झाली की साइट रखडते, एखाद्या संध्याकाळी बंदच पडते. कुणीतरी रेडिस, म्हणजे वारंवार लागणारा डेटा मेमरीत हाताशी ठेवणारी सेवा, टाकायला सांगितलं. तुम्ही टर्मिनलवरून टाकलात, पिंगला पाँग आलं, तरी पान उघडायला पूर्वीइतकाच वेळ लागतोय. तर काय चुकलं?

चुकलेलं नाही, अर्धं राहिलंय. आधी एक कमांड मारून बघा: 'रेडिस-सीएलआय डीबीसाइझ'. (कमांड्स इथे उच्चाराप्रमाणे लिहितोय, टर्मिनलवर त्या रोमन लहान अक्षरांत टाकायच्या.) उत्तर शून्य आलं, आणि बहुतेक तेच येईल, तर रेडिस चालू आहे पण त्यात कुणी काही ठेवतच नाहीये. वर्डप्रेसला तो शेजारी येऊन बसल्याची खबरच नाही. पाँगचा अर्थ एवढाच की सेवा जागी आहे.

स्वयंपाकघरातला मिसळणाचा डबा डोळ्यांसमोर आणा. मोहरी, जिरं, हळद, हिंग यांच्या मोठ्या बरण्या आत फडताळात असतात. रोजच्या फोडणीला लागेल तेवढं डब्याच्या वाट्यांत काढून ओट्यावर ठेवलेलं असतं. वर्डप्रेसचा मजकूर जिथे साठतो तो मायएसक्यूएल डेटाबेस म्हणजे फडताळ आणि रेडिस म्हणजे तो डबा. नुसता रिकामा डबा ओट्यावर आणून ठेवला तर फोडणी लवकर होत नाही. डबा भरावा लागतो, तो केवढा असावा हे ठरवावं लागतं, आणि वाट्या भरल्यावर नव्या जिनसासाठी कुठली रिकामी करायची हेही ठरवावं लागतं. यातलं शेवटचं रेडिस स्वतःहून करत नाही आणि बरेच जण तिथेच फसतात.

तो का करत नाही, हे त्याच्या जन्मात आहे. साल्वातोरे सानफिलिप्पो या सिसिलीतल्या प्रोग्रामरने २००९ मध्ये रेडिस लिहिला, तो स्वतःच्या वेबसाइट-विश्लेषणाच्या सेवेसाठी, कारण तिथे मायएसक्यूएलला भार झेपत नव्हता. म्हणजे मुळात तो मेमरीत राहणारा डेटाबेस आहे. डेटाबेसने आपल्याकडची नोंद परस्पर फेकून देणं हा गुन्हा ठरतो. कॅशने, म्हणजे हाताशी ठेवलेल्या तात्पुरत्या साठ्याने, मात्र जागा संपली की जुनी नोंद फेकलीच पाहिजे. रेडिसच्या मूळ सेटिंग्ज डेटाबेसच्या वृत्तीच्या आहेत. 'बाबा रे, तू इथे कॅश म्हणून आलायस' हे त्याला आपण सांगायचं असतं.

आता हाताने करायच्या गोष्टी. इन्स्टॉल तुम्ही केलाच आहे, तरी एकदा 'सुडो ॲप्ट अपडेट' आणि मग 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल रेडिस-सर्व्हर पीएचपी-रेडिस' असं पूर्ण चालवा. दुसरं पॅकेज बहुतेक राहिलं असणार. वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय त्या पीएचपीला रेडिसशी बोलायला लागणारा दुभाष्या त्यात असतो. नंतर 'सुडो सिस्टिमसीटीएल रिस्टार्ट पीएचपी८.३-एफपीएम' करा, नाहीतर चालू असलेल्या पीएचपीच्या प्रक्रियांना नवं एक्स्टेन्शन दिसणार नाही. 'पीएचपी -एम' च्या यादीत रेडिस हे नाव आलं की पुढे जा.

उबुंटू २४.०४ च्या भांडारातून रेडिसची ७.० ही आवृत्ती मिळते. मार्च २०२४ मध्ये रेडिसने परवाना बदलला, त्यावरून लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली व्हॅल्की नावाची वेगळी शाखा निघाली, आणि मे २०२५ मध्ये रेडिस ८ पुन्हा मुक्त परवान्याखालीही मिळू लागला. तुमच्या कामाला यातलं कुठलंही चालेल. भांडारातलंच ठेवा, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या उबुंटूच्या नेहमीच्या अपडेटबरोबर येत राहतील. स्रोतापासून स्वतः कंपाइल करण्याचे सल्ले तुम्हाला वाचायला मिळतील. एका मासिकाच्या साइटसाठी तो खटाटोप करू नका, कारण सहा महिन्यांनी त्या आवृत्तीकडे बघायला कुणी नसतं.

सेटिंगची फाइल '/ईटीसी/रेडिस/रेडिस.कॉन्फ' इथे आहे. हात लावण्याआधी 'सीपी'ने तिची एक प्रत काढून ठेवा. मग 'सुडो नॅनो'ने उघडा. फाइल लांबलचक आहे, टिपांनी भरलेली आहे, पण तुम्हाला त्यातल्या चारच ओळींशी काम आहे.

पहिली ओळ 'मॅक्समेमरी'. ६४ बिटच्या मशिनवर ही मूळची शून्य असते आणि इथे शून्याचा अर्थ 'मर्यादा नाही' असा होतो. २ जीबीच्या सर्व्हरवर हे फार धोक्याचं आहे. रेडिस फुगत जातो, मेमरी संपते, आणि लिनक्स जीव वाचवायला कुठली तरी जाड प्रक्रिया मारून टाकतो. ती बहुतेक वेळा मायएसक्यूएलची असते. तुमची साइट दिवाळीत 'बंदच पडते' म्हणता, तेव्हा पडद्यावर डेटाबेसशी जोडणी होत नसल्याचा संदेश येतो का, हे आठवून बघा. येत असेल तर मेमरी तेव्हाही संपतच होती आणि अमर्याद रेडिसने ती आणखी लवकर संपेल. 'सुडो जर्नलसीटीएल -के' चालवून त्यात 'आउट ऑफ मेमरी' शोधा. रेडिस टाकण्याच्या आधीच्या तारखा तिथे दिसल्या तर मला मुळीच नवल वाटणार नाही.

मर्यादा किती ठेवायची? साइटवर वर्दळ असताना 'फ्री -एम' चालवा आणि 'अव्हेलेबल' या रकान्यातला आकडा बघा. 'फ्री' हा रकाना बघून घाबरू नका. लिनक्स मोकळी मेमरी फाइलींसाठी वापरून टाकतो आणि लागली की परत देतो, त्यामुळे तो आकडा नेहमीच लहान दिसतो. 'अव्हेलेबल'मध्ये ७०० एमबी दिसत असतील तर रेडिसला २५६ द्या. ४०० च्या आसपास असतील तर १२८. सगळी देऊ नका, कारण मॅक्समेमरी ही मर्यादा डेटाची असते. मेमरीचं विखुरलेपण वगैरे धरून प्रक्रिया प्रत्यक्षात त्याहून थोडी जास्त जागा खाते. एका मासिकाच्या वर्डप्रेसला १२८ एमबीसुद्धा पुष्कळ होतात.

एकक लिहायला विसरू नका. ओळ 'मॅक्समेमरी २५६एमबी' अशी हवी. नुसतं २५६ लिहिलं तर रेडिस ते २५६ बाइट समजतो, आणि मग तो चालू असूनही एकही नोंद टिकवू शकत नाही. रीस्टार्टनंतर 'रेडिस-सीएलआय कॉन्फिग गेट मॅक्समेमरी' विचारा. २६८४३५४५६ हा आकडा आला की बरोबर बसलं.

दुसरी ओळ 'मॅक्समेमरी-पॉलिसी'. मूळचं मूल्य 'नोइव्हिक्शन', म्हणजे काहीही बाहेर टाकायचं नाही. मर्यादा गाठली की रेडिस वाचायला देतो पण नवं लिहायला नकार देतो. वाट्या भरल्या, आता नवा जिन्नस नाही, असा हा कारभार. कॅशसाठी इथे 'ऑलकीज-एलआरयू' लिहा. मग जागा संपली की ज्या नोंदीला बराच काळ कुणी हात लावला नाही ती आधी जाते. हे करताना रेडिस सगळ्या नोंदी धुंडाळत बसत नाही. प्रत्येक वेळी पाच नोंदी नमुन्याला घेतो आणि त्यातली सर्वांत शिळी काढतो. अचूकता थोडी कमी होते, पण वेग टिकतो आणि व्यवहारात फरक जाणवत नाही.

'व्होलाटाइल-एलआरयू' हा सल्लाही दिला जातो. त्यात फक्त मुदत लावलेल्या नोंदीच बाहेर टाकल्या जातात. वर्डप्रेसच्या पुष्कळ नोंदींना मुदत नसतेच, म्हणजे फिरून तीच अडचण. तुमच्या कामासाठी ऑलकीजच.

एक अट मात्र आहे. हे धोरण संपूर्ण रेडिसला लागू होतं. रेडिसमध्ये ० ते १५ असे सोळा कप्पे असतात, पण धोरण कप्प्यागणिक वेगळं ठेवता येत नाही. उद्या नोंदणीच्या ईमेलची रांग किंवा वाचकांची लॉगिन-सत्रं त्याच रेडिसमध्ये ठेवलीत, तर गर्दीच्या वेळी रांगेतली ईमेलंही 'शिळी' म्हणून फेकली जातील आणि कुठेही त्रुटी दिसणार नाही. हरवून चालणार नाही असं काही ठेवायचं झालं तर दुसऱ्या पोर्टवर दुसरा रेडिस चालवा.

तिसरी ओळ 'सेव्ह', आणि इथे मी जरा थांबणार आहे, कारण यानेच एकदा माझी रात्र गेली होती. रेडिस मेमरीतला डेटा अधूनमधून डिस्कवर उतरवतो: तासात एक तरी बदल झाला असेल तर, पाच मिनिटांत शंभर झाले तर, मिनिटात दहा हजार झाले तर. फाइलमध्ये ही ओळ टिपेसारखी, पुढे हॅश लावून बंद केलेली दिसते. त्यामुळे वाटतं की हे चालू नाही. पण ती मूळची सवयच असल्याने न लिहिताही चालूच असतं. माझ्याकडच्या एका सर्व्हरवर लॉग फाइलींनी डिस्क भरली. रेडिसला त्याची प्रत डिस्कवर उतरवता येईना. अशा वेळी त्याचा नियम असा की प्रत निघत नसेल तर नवं लिखाणही स्वीकारायचं नाही, कारण तो स्वतःला डेटाबेस समजतो. प्रत्येक पान रेडिसमध्ये काही लिहायला जाई, नकार घेऊन परत येई आणि त्रुटी दाखवून थांबे. मी दोन तास मायएसक्यूएल तपासत बसलो. ज्या डेटाची प्रत कुणालाच नको होती, तिच्यापायी सगळी साइट अडून बसली होती.

म्हणून निव्वळ कॅश असेल तर 'सेव्ह' लिहून पुढे दोन दुहेरी अवतरणचिन्हं, आत काही नाही, अशी ओळ टाका. प्रत उतरवणं बंद होतं. 'अपेंडओन्ली' ही नोंदवहीची सोय मूळचीच 'नो' असते, ती तशीच राहू द्या. सर्व्हर रीस्टार्ट झाला तर कॅश रिकामी होईल, पहिली काही मिनिटं पानं हळू येतील आणि डबा परत भरेल. याने आणखी एक फायदा होतो. प्रत काढताना रेडिस स्वतःची दुसरी प्रक्रिया काढतो, आणि त्या वेळात मेमरीतल्या बदलणाऱ्या भागांपुरती जास्तीची मेमरी लागते. २ जीबीत तो झटकाही नको. त्याच्याच संदर्भात '/व्हार/लॉग/रेडिस/' मधल्या लॉगमध्ये 'ओव्हरकमिट मेमरी' बद्दल इशारा दिसेल. प्रत काढणं बंद केल्यावर त्याचं फारसं महत्त्व राहत नाही.

चौथी ओळ 'बाइंड'. तिला हात लावायचा नाही, ती आहे तशी आहे ना एवढंच बघायचं. तिथे १२७.०.०.१ असायला हवं, म्हणजे रेडिस फक्त त्याच सर्व्हरच्या आतून येणाऱ्याशी बोलतो. घरच्या लॅपटॉपवरून रेडिस बघता यावा म्हणून ही ओळ ०.०.०.० करण्याचा मोह होतो. करू नका. सानफिलिप्पोने स्वतःच नोव्हेंबर २०१५ मध्ये दाखवून दिलं होतं की उघड्या रेडिसला फाइल साठवण्याची जागा बदलायला सांगून हल्लेखोर दूरून लॉगिन करायची आपली एसएसएचची किल्ली सर्व्हरवर ठेवू शकतो. त्यानंतर ३.२ या आवृत्तीत पासवर्ड नसलेला रेडिस बाहेरच्यांना नाकारण्याची सोय आली. पण लोक बाइंड उघडतात तेव्हा तीही बंद करून टाकतात. मी एकदा असा सर्व्हर साफ केला आहे. क्रॉनमध्ये (ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या यादीत) अनोळखी ओळी, प्रोसेसर शंभर टक्के, कुणाच्या तरी क्रिप्टो-नाण्यांचं खाणकाम चालू. साफ करून भागत नाही, सर्व्हर नव्याने उभारावा लागतो.

'सुडो एसएस -टीएलएनपी' चालवा आणि ६३७९ या पोर्टच्या ओळीत १२७.०.०.१ दिसतंय का बघा. कधी डॉकरमधून (सॉफ्टवेअर वेगळ्या बंदिस्त जागेत चालवण्याची सोय) रेडिस चालवलात तर जास्त जपा. डॉकरने बाहेर काढलेलं पोर्ट यूएफडब्ल्यू या उबुंटूच्या फायरवॉलच्या नियमांना वळसा घालून उघडं होतं, आणि फायरवॉलच्या यादीत सगळं बंद दिसत राहतं. बाहेरून बघायचंच असेल तर 'एसएसएच -एल' ने (इथला एल मात्र मोठ्या अक्षरात) बोगदा काढा, काम झालं की बंद करा.

फाइल साठवली की 'सुडो सिस्टिमसीटीएल रिस्टार्ट रेडिस-सर्व्हर', मग 'स्टेटस'. हिरवा 'ॲक्टिव्ह' दिसला की डबा तयार, आता भरायचा. साधारणतः वर्डप्रेसची स्वतःची ऑब्जेक्ट कॅश एका पानापुरतीच जगते. पान तयार झालं, ती गेली. पुढच्या वाचकाला तीच सेटिंग्ज, तेच मेनू, त्याच लेखांच्या नोंदी पुन्हा मायएसक्यूएलकडून. ती टिकवून ठेवण्यासाठी 'रेडिस ऑब्जेक्ट कॅश' नावाचं प्लगइन आहे. सर्व्हरवर डब्ल्यूपी-सीएलआय (टर्मिनलवरून वर्डप्रेस चालवायचं साधन) असेल तर साइटच्या फोल्डरमध्ये जाऊन 'डब्ल्यूपी प्लगइन इन्स्टॉल रेडिस-कॅश --ॲक्टिव्हेट' आणि नंतर 'डब्ल्यूपी रेडिस इनेबल'. ही दुसरी कमांड विसरली जाते. तिच्यामुळेच 'डब्ल्यूपी-कंटेंट' मध्ये 'ऑब्जेक्ट-कॅश.पीएचपी' ही फाइल येते आणि खरं काम ती फाइल करते. दोन्ही कमांड रूटने, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या नावाने, मारू नका. पुढे 'सुडो -यू' लावून वेबसर्व्हरच्या वापरकर्त्याच्या नावाने मारा, नाहीतर फाइलींची मालकी रूटकडे जाते आणि पुढच्या अपडेटला अडतं.

त्याआधी 'डब्ल्यूपी-कॉन्फिग.पीएचपी' मध्ये 'डब्ल्यूपी_रेडिस_प्रिफिक्स' ठरवा (हे नाव रोमनमध्ये सगळं मोठ्या अक्षरांत), म्हणजे रेडिसमधल्या नोंदींच्या नावांआधी लागणारी खूण, मासिकाच्या नावाचं काहीतरी. एकाच सर्व्हरवर मुख्य साइट आणि तिची चाचणीची प्रत असते, दोघींच्या तक्त्यांची नावं सारखी, आणि रेडिस एकच. प्रिफिक्स वेगळा नसेल तर दोघी एकमेकींच्या वाटीत हात घालतात. मुख्य साइटवर चाचणीच्या साइटचं शीर्षक आणि पत्ते दिसायला लागतात आणि माणूस समजतो की हॅकिंग झालं.

आता पुन्हा 'डीबीसाइझ' विचारा. दोन-चार पानं उघडून झाल्यावर काही शे नोंदी दिसायला हव्यात. खरी कसोटी 'रेडिस-सीएलआय इन्फो स्टॅट्स' मध्ये आहे. 'कीस्पेस_हिट्स' म्हणजे मागितलं आणि डब्यात मिळालं, 'कीस्पेस_मिसेस' म्हणजे फडताळापर्यंत जावं लागलं. पहिल्या तासाचे आकडे धरू नका. एक दिवस जाऊ द्या आणि हिट्सना दोन्हींच्या बेरजेने भागा. वर्डप्रेसमध्ये हे प्रमाण ०.९ च्या आसपास यावं. फार कमी असेल तर 'इव्हिक्टेड_कीज' बघा. तो आकडा भराभर वाढत असेल तर डबा लहान पडतोय.

तपासताना 'कीज' पुढे तारा लावून सगळ्या नोंदी मागवू नका. रेडिस कमांड्स एका वेळी एकच हाताळतो, म्हणजे ती भलीमोठी यादी बनेपर्यंत सगळे वाचक ताटकळतात. 'रेडिस-सीएलआय --स्कॅन' वापरा, ते तुकड्यातुकड्याने काम करतं. येणारी प्रत्येक कमांड दाखवणारा 'मॉनिटर'ही क्षणभर बघून बंद करा.

एवढं झाल्यावर वेग वाढेल, पण दिवाळीतल्या संध्याकाळी पुरेल का? माझं प्रामाणिक मत: एकट्याने नाही. रेडिस मायएसक्यूएलचे फेरे वाचवतो, तरी प्रत्येक वाचकासाठी पीएचपी जागं होतं आणि पान नव्याने शिजवतं. उबुंटूत पीएचपी-एफपीएमला मुळात एका वेळी पाचच आचारी, म्हणजे पान बनवणाऱ्या प्रक्रिया, मिळतात, आणि २ जीबीत ते पन्नास करणं म्हणजे मेमरीच्या त्याच खड्ड्यात जाणं. लॉगिन न केलेल्या सगळ्या वाचकांना मुखपृष्ठ सारखंच दिसतं ना? मग शिजलेलं पानच साठवून ठेवा. एनजिनएक्स तुमच्याकडे आहेच, त्यात 'फास्टसीजीआय_कॅश' आहे. पाच मिनिटांची मुदत, लॉगिनची कुकी असेल किंवा नोंदणीचा अर्ज पाठवला जात असेल तर कॅश टाळायची, आणि 'फास्टसीजीआय_कॅश_लॉक ऑन'. ही शेवटची ओळ गर्दीत फार मोलाची आहे. पान अजून कॅशमध्ये आलेलंच नसताना एकदम दोनशे वाचक आले तर सगळ्यांसाठी पान शिजवण्याऐवजी एकासाठी शिजतं आणि बाकीचे तेवढा क्षण थांबतात.

व्हार्निश हे निराळं सॉफ्टवेअर हेच काम करतं. २००६ साली ते नॉर्वेतल्या एका वृत्तपत्राच्या साइटसाठी तयार झालं आणि मोठ्या साइटवर उत्तम चालतं. तुमच्या २ जीबीच्या सर्व्हरवर आणखी एक सेवा सांभाळण्यापेक्षा एनजिनएक्समधलीच सोय बरी.

फरक डोळ्यांना विचारू नका, मोजा. 'कर्ल'ला 'टाइम_स्टार्टट्रान्सफर' (उत्तराचा पहिला बाइट यायला लागलेला वेळ) छापायला सांगून मुखपृष्ठ दहा वेळा मागवा: एकदा काहीच नसताना, एकदा रेडिसनंतर, एकदा एनजिनएक्सच्या कॅशनंतर. हे दिवाळीच्या दोन महिने आधी करा, अंक जाहीर झाल्याच्या दिवशी नको. आणि आज रात्री 'फ्री -एम' चं उत्तर, हिट्स-मिसेसचे आकडे आणि जर्नलमध्ये सापडलेल्या तारखा मला पाठवा. २५६ ठेवायचे की १२८, ते त्यावरून नक्की करू.